सागवानी कपाटं आणि विहीणबाई

पापडी, वसई
५ ऑक्टोबर २०२५

सौ. विनयाबाई,

पत्राचं कारण वेगळं सांगत नाही. ते तुमच्याच घरी, तुमच्या सोफ्यावर बसलेलं आहे. दसऱ्याला म्हणून माहेरी गेलेली सुरुची अजून परतलेली नाही. जोएलला विचारलं की माझा हा मुलगा "येईल गं मम्मी" म्हणतो आणि मोबाइलमध्ये तोंड घालतो.

फोन करू शकले असते. पण मागच्या वेळी तुम्ही मला स्पीकरवर ठेवलं होतं. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि चंद्रहासरावांचा खोकलाही. तुमच्या यजमानांबद्दल मला आदर आहे, पण माझी तक्रार त्यांच्या खोकल्याच्या साथीवर ऐकली जावी असं मला वाटत नाही. शिवाय पत्राला मध्येच "हो, पण" म्हणता येत नाही. पाकीट चिकटवून जोएलच्या हाती देते आहे. तो उघडून वाचेल ही भीती नाही. वाचनाची आवड त्याला लहानपणापासून नाही.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही आलात, राहिलात, भाकऱ्या भाजल्यात, वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घातलेत. मी ऋणी आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात ते राहून जाईल.

डॉक्टरांनी स्वयंपाकघरात जायची परवानगी दिली त्या सकाळी मी आत गेले. नव्या डोळ्यांनी पहिलं काय पाहिलं, तर माझी ओट्याखालची कपाटं. राख फासल्यासारखी पांढुरकी. मुठींच्या भोवती तर लाकूड मांजराच्या जिभेसारखं खरखरीत झालेलं.

विनयाबाई, ही कपाटं काय आहेत ते तुम्हाला माहीत नसेल. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा ती करून घेतली. जोएलचा बाप सेबेस्टियन तेव्हा हयात होता. त्याला सनमायका हवा होता, "पुसायला सोपा" म्हणून. मी म्हटलं, सोपंच हवं असेल तर भांडी बादलीत ठेव. या घरातलं बाकी सगळं माझ्या आधीचं आहे. भिंती सासऱ्यांच्या, पलंग सासूबाईंचा, देवाच्या तसबिरी त्यांच्याही सासूच्या. ही सागवानी कपाटं तेवढी मी ठरवलेली. आणि त्यांना लाखेचं पॉलिश मी स्वतः, या हातांनी दिलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर एलिना होली वीकच्या आधी आम्हा मुलींकडून चर्चचे बाक पुसून घ्यायच्या. लाकूड म्हणजे काय, ते मी तिथे शिकले.

मी सुरुचीला विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडून झालं असेल." असेल म्हणजे काय? कपाटं स्वतःहून पांढरी झाली नाहीत. दुपारी तुम्ही आडव्या झालेल्या असताना आतून घासण्याचा आवाज मी बाहेरच्या खोलीत पडून ऐकला होता. मला वाटलं भांडी चालली आहेत.

मी तिला दोन शब्द बोलले. कोणीही बोललं असतं. तिने दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या महिन्यात घरोघर फिरणारी मरियामातेची मूर्ती २६ तारखेला आमच्या घरी यायची आहे. आमच्या भागातली सगळी घरं प्रार्थनेला येतील, मग चणे खायला आत येतील, आणि सून कुठे आहे ते विचारतील. मुलीला समजावून पाठवा.

इनेझ

चंदनसार, विरार पूर्व
८ ऑक्टोबर २०२५

श्रीमती इनेझताईंना विनयाचा नमस्कार.

पत्र जोएलने आणून दिलं आणि तो जेवूनच गेला. तुमच्याकडे त्याचं पोट भरत नाही असं मी म्हणत नाही, पण कोळंबीचं सार त्याने पुन्हा पुन्हा मागून घेतलं.

फोन मी स्पीकरवर ठेवते कारण माझे हात पिठाचे असतात. मुद्दाम कोणाला ऐकवत नाही. यांचा खोकला मात्र खरा आहे, धुळीचा आहे, इथे चहूकडे बांधकामं चालू आहेत.

कपाटांचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही जिवापाड जपता ते मला माहीत आहे. पण सुरुचीनेच केलं हे तुम्ही कसं ठरवलंत? ताई, रागावू नका, मनात आलं ते लिहिते. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते ना, बाई इतके दिवस कशा वावरल्या. कदाचित डाग आधीपासूनच असतील आणि आता दिसायला लागले असतील. आमच्या वन्संना ऑपरेशननंतर आपल्या घराला जळमटं आहेत ते पहिल्यांदा कळलं.

दुसरं म्हणजे, तुम्ही "दोन शब्द" बोललात असं लिहिलंत. कोणते, ते लिहिलं नाहीत. सुरुचीही सांगत नाही. ऑफिसला जाते, येते, जेवते, भिंतीकडे तोंड करून झोपते. माझी मुलगी चार शब्दांना आठ शब्द परत करणारी आहे. दोन शब्दांनी ती अशी गप्प होणार नाही.

शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट जोएलला बरा वाटला. स्वयंपाकघर लहान आहे, पण उजेड चांगला. तुम्हाला त्याने दाखवायला आणलं तर इथेच जेवायला या.

तुमची,
विनया

पापडी
१० ऑक्टोबर २०२५

विनयाबाई,

फ्लॅटचं मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. माझ्या मुलाच्या बेताची बातमी मला त्याच्या सासूच्या पत्रात, कोळंबीच्या साराच्या खालोखाल मिळावी, याहून मोठा मान कुठला.

मी त्याला जेवताना विचारलं, "फ्लॅट बघितलास?"

"नुसता बघितला, मम्मी."

"नुसता बघायला गेलेला माणूस स्वयंपाकघरातला उजेड बघत नाही."

तो म्हणाला, "मग मी काय करू? ती तिथे रडते, तू इथे ओरडतेस." मी ओरडत नव्हते. मी स्पष्ट बोलत होते. या घरात तो फरक सेबेस्टियनलाही कधी कळला नाही.

आता तुमच्या वन्संच्या जळमटांबद्दल. मोतीबिंदू माझ्या डोळ्यांना झाला होता, हातांना नाही. दर रविवारी मिस्साहून आल्यावर मी ती कपाटं पुसते. ऑपरेशनच्या आदल्या रविवारीही पुसली. दिसत नव्हतं तेव्हा तर हात जास्तच सावकाश फिरवला. तेव्हा ती काचेसारखी गुळगुळीत होती. तेव्हा 'आधीपासूनच' हा शब्द कृपा करून परत घ्या. मी म्हातारी आहे, आंधळी नव्हते, आणि आता तर अजिबात नाही.

काय झालं असेल ते मी सांगते. तुमची मुलगी मोबाइलवरून काय काय मागवते. निळ्या बाटल्या, हिरव्या बाटल्या, फवारा मारा आणि पुसा. काचेला, गॅसला, संडासाला, सगळ्याला एकच औषध. तसलंच काहीतरी तिने माझ्या सागवानावर मारलं आणि मग डाग जाईना म्हणून घासत बसली. चूक झाली, मान्य. चूक सगळ्यांकडून होते. पण "हो मम्मी, मीच केलं, ही बाटली" असं सरळ सांगायचं सोडून "असेल"? आणि वर रुसून माहेरी?

काल पाचूबंदरची मासळीवाली दारात टोपली टेकवून म्हणाली, "बाय, पानी मागितलं तं तूच आनतीस. सून कुटं हाय?" मी म्हटलं, ऑफिसला. सकाळी सकाळी खोटं बोलले, आणि तेही बोंबील घेताना. हे माझ्यावर कोणी आणलं?

तिला विचारा, बाटली कुठली होती. मला एवढंच हवं आहे. बाटलीचं नाव कळलं की पुढे काय करायचं ते मी बघते.

इनेझ

चंदनसार
१४ ऑक्टोबर २०२५

इनेझताई,

उत्तराला उशीर झाला. आधी राग आला म्हणून लिहिलं नाही, मग राग जाईना म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलीने बाटली आणली नाही. मी विचारलं. "नाही" म्हणाली आणि उठून गॅलरीत गेली. ती खोटं बोलणारी नाही. आणि मला सांगा, ती आणेलच कशाला?

केलेलं काम बोलून दाखवू नये म्हणतात. मी आजवर दाखवलं नव्हतं. पण तुम्ही मला दुपारी आडवी केलीत, म्हणून दाखवते. मी दुपारी झोपत नाही. तुमच्याकडे राहायचा शेवटचा दिवस होता, सुरुची ऑफिसला गेलेली, तुम्ही बाहेर डोळ्यांवर पट्टी लावून पडलेल्या. घट बसायचे होते. आमच्यात घटांच्या आधी घर काढतात, डबा न् डबा, फळी न् फळी धुऊन निघते. माझं घर मी निघण्यापूर्वीच काढलं होतं. मनात आलं, इनेझताईंना आता महिनाभर पाण्यात हात घालता येणार नाही, सुरुचीला ऑफिसातून वेळ नाही, तर हेही आपणच काढून द्यावं. तुमची कपाटं मुठींपाशी चिकट लागत होती. लागणारच, तुमच्याकडे रोज मासे तळतात, आमच्याकडेही तळतात, हे काही दूषण नाही. बादलीभर कढत पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा, आणि काथ्याने सगळी खालची कपाटं घासून काढली. तुम्ही ऐकलात तो आवाज माझा.

हे मला न्यायला आले तेव्हा ती ओली होती. अशी काळीभोर चमकत होती की मी यांना आत नेऊन दाखवली. म्हटलं, इनेझताईंच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली की पहिलं हे दिसू दे.

तुम्ही त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. मी सगळं नवरात्र वाट पाहिली. सुरुचीला फोनवर विचारलं, तुझ्या सासूबाई काही म्हणाल्या का गं. ती म्हणाली, "हो आई, त्यांना फार बरं वाटलं." मी यांना म्हटलं, बाई मनातून चांगल्या आहेत, बोलून दाखवत नाहीत इतकंच.

तर आता सांगा. इतकी स्वच्छ केलेली कपाटं माझी मुलगी लगेच पुन्हा कशाला घासेल?

विनया

पापडी
१५ ऑक्टोबर २०२५

सुरुची,

हे पत्र तुला आहे. जोएलला सांगितलंय की तुझ्याच हातात द्यायचं, तुझ्या आईच्या नाही, आणि सार मागायला थांबायचं नाही.

तुझ्या आईचं पत्र आलं. मी ते चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्मा लावून वाचलं. तू केलं नाहीस. तुझ्या आईने केलं, आणि त्या बिचारीला ते अजून ठाऊक नाही. तिला वाटतं तिने माझं स्वयंपाकघर उजळलं.

मला राग आलेला आहे. सोड्याचा आहेच, कढत पाण्याचाही आहे, काथ्याचा तर विचारू नकोस. पण सगळ्यात जास्त तुझा आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी माणसांचे आवाज ऐकण्यात गेली. कोण पलीकडे रडतंय, कोण घरात असून नाही म्हणतंय, मला आवाजावरून कळायचं. आणि माझ्याच ओट्यापाशी उभी राहून तू "माझ्याकडून झालं असेल" म्हणालीस ते मला कळलं नाही. तू मला माझ्याच घरात मूर्ख बनवलंस.

तुझ्या आईला उत्तर लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या होत्या आणि चारही चांगल्या उतरल्या होत्या. फाडून टाकल्या.

मला एवढंच सांग, का? मी काय तुझ्या आईला खाऊन टाकलं असतं?

मम्मी

चंदनसार
१७ ऑक्टोबर २०२५

मम्मी,

हो. खाऊन टाकलं असतं.

एकदम नाही. थोडं थोडं, आयुष्यभर. प्रत्येक ख्रिसमसला, प्रत्येक सणाला, जोएलच्या रोझलीन आत्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर. "आमच्या विहीणबाईंनी एकदा मदत केली होती" असं, हसत हसत. तुमचं बोलणं मला पाठ आहे. मी त्या दिवशी ऑफिसहून आले तेव्हा कपाटं वाळायला लागली होती. एका बाजूने पांढरी होत होती. मी तेल लावून बघितलं, काही होईना. तुम्ही बाहेरच्या खोलीतून, पट्टी लावून पडलेल्या, म्हणालात, "तुझी आई गेली गं, घर ओकं वाटतं." मग मी कसं सांगणार होते?

तुम्ही आईला "दोन शब्द" असं लिहिलंत. ते दोन नव्हते. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईने तुला लाकूड आणि मोरी यातला फरक शिकवला नाही. शिकवणार कुठून, तिला तरी कुठे माहीत आहे." रोझलीन आत्या हसल्या. मला माझ्याबद्दल काहीही बोला, मी परत बोलेन. पण त्या रात्री व्हिडिओ कॉलवर तिची बोटं सोड्याने सोललेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली, असू दे गं, त्यांना दिसायला लागलं की आवडेल.

आता आणखी एक. लग्नाला तीन वर्षं होतील. त्या कपाटांना काय लावायचं नाही ते सगळं तुम्ही मला सांगितलं आहे. सोडा नाही, लिंबू नाही, सॅनिटायझर नाही, ओला हात नाही. काय करायचं ते कधीच सांगितलं नाही. रविवारी तुम्ही पुसता आणि मी दारात उभी राहते, पाहुणी आल्यासारखी. मी एकदा फडकं मागितलं तर म्हणालात, "राहू दे, तुला नाही जमायचं."

इथल्या फ्लॅटमध्ये सनमायकाची कपाटं आहेत. मला ती आवडली नाहीत. पण तिथे मला कोणी दारात उभं करणार नाही. दिवाळी झाली की मालकाला उत्तर द्यायचं आहे. जोएल हो म्हणतो, मीही जवळजवळ हो म्हटलं आहे.

आईला काही कळवू नका. तेवढं एकच मागते.

सुरुची

पापडी
१९ ऑक्टोबर २०२५

सुरुची,

तुझं पत्र मला अजिबात आवडलं नाही. त्यात खोडायला एक वाक्य सापडलं नाही, हे मुख्य कारण.

तुझ्या आईबद्दल बोलले ते मी परत घेते. कागदावर घेऊन भागणार नाही, रोझलीनसमोर बोलले होते, रोझलीनसमोरच घेईन. ती पुन्हा हसली तर तिला चणे मिळणार नाहीत.

आता कपाटं. तू म्हणतेस मी सांगितलं नाही. नाही सांगितलं. मला वाटायचं, शिकवलं की ती माझी राहणार नाहीत. आता अशीही राहिलेली नाहीत. तर नीट वाच, मी दोनदा लिहिणार नाही.

लाखेचं पॉलिश म्हणजे लाकडावरची पातळ कातडी. कढत पाण्याने ती पांढरी पडते, सोड्याने सुटते, स्पिरिटने विरघळते, काथ्याने सोलते. तुझ्या आईने स्पिरिट तेवढं लावलं नाही, तो देवाचा उपकार. जुनं मऊ सुती कापड घ्यायचं, बनियनचं उत्तम. पाणी कोमट, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, त्याहून जास्त नाही. कापड बुडवून इतकं पिळायचं की पुन्हा पिळलं तर काही निघू नये. सिस्टर एलिना आमची फडकी स्वतः पिळून बघायच्या, आणि थेंब पडला की ती मुलगी घरी. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे आधी पुसून बघायचं. कापडावर रंग उतरला नाही तर पुढे. रेषा जातात तसा हात न्यायचा, आडवा नाही, गोल तर कधीच नाही. मुठीपाशी चिकट असेल तिथे कापड टेकवून थोडं थांबायचं, तेल आपण होऊन सुटतं. घासायचं नाही. आणि एक दार पुसलं की दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच कोरडं करायचं, सगळं ओलं करून मग कोरडं करत बसायचं नाही. सगळे तिथेच चुकतात. एवढंच आहे. एवढ्यासाठी मी तुला तीन वर्षं दारात उभं केलं, हे लिहिताना माझाच मला संताप येतो आहे.

जे बिघडलं आहे ते यावरून सुधारणार नाही. त्याला बारीक पॉलिश पेपर फिरवून नवी लाख द्यावी लागेल. लाखेचा चपडा, म्हणजे सुक्या लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजत घातला आहे. कापसाची पुरचुंडी करून तो हलक्या हाताने द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. हे पत्रावरून येत नाही, हात बघूनच येतं. आणि मला वाकून ओट्याखाली बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. म्हणजे हात तुझा लागणार आणि तोंड माझं. तोंड शक्य तितकं बंद ठेवीन. पूर्ण ठेवीन असं वचन देत नाही, ते खोटं होईल.

खालची कपाटं तुझी. त्यात काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, ते तू ठरव. मी विचारणार नाही. विचारलं तर उत्तर देऊ नकोस.

फ्लॅटबद्दल मी काही म्हणत नाही. तुमचं तुम्ही बघा. पण सनमायका वर्षादोनवर्षांत कडेने सुटतो, हे सेबेस्टियनलाही मी सांगितलं होतं.

तुझ्या आईला मी लिहिते आहे. काळजी करू नकोस. पाकीट चिकटवलेलं नाही, जोएलने आधी तुला वाचायला दिलं तरी चालेल.

मम्मी

पापडी
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनयाबाई,

तुमचं म्हणणं बरोबर निघालं. मी कपाटं पुन्हा नीट, दिवसाच्या उजेडात पाहिली. ते डाग आधीपासूनचेच आहेत. पावसाळ्याची ओल धरली असणार, आणि मोतीबिंदूमुळे मला दिसलं नाही. सुरुचीचा त्यात काही दोष नाही. कोणाचाच नाही.

हा परिच्छेद लिहायला मला अख्खी सकाळ लागली. माझं अक्षर बदललेलं दिसेल, त्याचं कारण तेच.

तुम्ही माझं स्वयंपाकघर काढलंत आणि मी आभार मानले नाहीत. मानायला हवे होते. इतक्या कामानंतर तुमच्या बोटांना त्रास झाला असेल म्हणून नंदाखालचं घाण्याचं खोबरेल जोएलबरोबर पाठवते आहे. रात्री लावून झोपा. दिवाळीचं तळण हातमोजे घालून करता येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी जपा.

त्या दिवशी सुरुचीला मी तुमच्यावरून बोलले. काय बोलले ते ती तुम्हाला सांगणार नाही आणि मीही नाही. पण बोलायला नको होतं. हे मी तिलाही लिहिलं आहे.

२६ तारखेला मूर्ती येईल तेव्हा तुम्ही आणि चंद्रहासरावांनी यायचं आहे. खोकला घेऊन आले तरी चालेल, फादरही खोकतात. आदल्या दिवशी राहायला या.

फक्त एक सांगायला हवं. आमच्याकडे पापडीला एक पद्धत आहे. मरियामाता ज्या घरी येते, त्या घरच्या विहीणबाईंनी तिथे पाण्याला आणि फडक्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही नाही. बसून राहायचं, आम्ही देऊ ते खायचं. फार जुनी पद्धत आहे. कारण मला विचारू नका, जुन्या पद्धतींना कारण नसतं.

तुमची,
इनेझ

चंदनसार
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय इनेझताई,

तेल पोचलं. बोटं बरी आहेत. चकल्या आणि करंज्या सुरुचीबरोबर पाठवते. ती उद्या सकाळी जोएलबरोबर निघते आहे, तुम्ही पॉलिशचं काही काम काढलंय म्हणाली. फ्लॅटचं मी विचारलं नाही. पण सगळे कपडे भरले आहेत, माझ्या कपाटात एकही ठेवला नाही, ऑफिसचे जोडेसुद्धा. आम्ही दोघं उद्या संध्याकाळी येतो.

दिवाळीला आमचा पॉलिशचा पाट मी सोड्याने धुतला. ओला होता तोवर छान दिसत होता.

तुमच्या नंदाखालच्या रोझलीनबाई काल विरारच्या बाजारात भेटल्या, केळी घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता विहिणींच्या पद्धतीचं निघालं. त्या म्हणाल्या, असलं काही आमच्यात नाही हो, कोणी सांगितलं तुम्हाला.

मी म्हटलं, नंदाखालला नसेल. पापडीला आहे.

तुमची,
विनया